नावाचा तुकडा

सुंदराबाई पाव कापताना माणसांची नावं घेतात, हे मला तेरा वर्षांत कधी कळलं नव्हतं. शनिवार होता, दुपारचे चार वाजले असतील. आमच्या चर्चच्या मागच्या खोलीच्या खिडकीची बिजागरी निखळली होती, म्हणून मी पेचकस आणि मूठभर स्क्रू घेऊन बाहेरच्या बाजूने स्टुलावर चढलो होतो. आत सुंदराबाई उद्याच्या उपासनेत सगळ्यांना वाटायच्या प्रभुभोजनासाठी पाव कापत होत्या. भायखळ्याच्या बेकरीतला मोठा पाव, त्याची कड काढायची, मग चिंचोक्याएवढे तुकडे करायचे आणि ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायचे. हे काम त्या माझ्या लग्नाच्या आधीपासून करत आल्या आहेत. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. मला वाटायचं, त्या आपल्या अंदाजाने कापत असतील. पण त्या दिवशी खिडकी उघडी होती आणि मला ऐकू आलं, की एक तुकडा पडला की एक नाव येतं. कौसल्या. लवू मास्तर. लवू मास्तरची आई. दत्ताराम. भाजी निवडताना बायका काहीतरी पुटपुटत असतात, तसा साधा आवाज होता. मग मालन आलं. मालन म्हणजे माझी बायको. मी स्क्रू फिरवत होतो, मनात म्हटलं, चला, आपल्या घरातलं नाव झालं, आता पुढच्या घरात जातील. सुरी थांबली नाही. आवाजही बदलला नाही. "शामराव," त्या म्हणाल्या आणि आणखी एक तुकडा ताटलीत पडला. माझ्या हातातला स्क्रू निसटून खाली गवतात गेला.

स्क्रू शोधायच्या निमित्ताने मी खाली उतरलो आणि खरं तर गवताकडे न बघता सरळ दारातून आत गेलो. मी त्यांना विचारलं की शामराव म्हणजे कोण, कारण आमच्या मंडळीत दुसरा शामराव नाही हे मला माहीत असूनही तेवढीच एक वाट मला सुटकेची दिसत होती. सुंदराबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. त्या नगरकडच्या, चाळीस वर्षं मुंबईत राहूनही बोलणं तिकडचंच. मला उन्हाची भोवळ आली असावी, अशा नजरेने त्यांनी मला पाट सरकवून दिला.

"मावशी, मी प्रभुभोजन घेत नाही," मी म्हटलं. "मी मंडळीच्या शिस्तीखाली आहे, मला ते बंद आहे."

"सा महिने व्हतास. तवा न्हाई घेतलं तुझं नाव. मग पाद्रीसाहेबांनी भर उपासनेत, पाव वाटायच्या येळंला सांगितलं, शामराव परत आला म्हणून. समदी मंडळी आमेन म्हनली. तवापासून घेते."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तू व्हतास कुठं? नळावर."

एवढं बोलून त्या पुढच्या नावाकडे वळल्या. त्यांचं काम अडलं होतं. मी पाटावर तसाच बसून राहिलो. ताटलीत एकसारखे पांढरे तुकडे पडले होते आणि त्यातला माझा कोणता, हे आता मला ओळखू येत नव्हतं.

नळाचं सांगायला हवं. त्याआधी फळीचं. त्रेचाळीस साली, लढाईच्या दिवसांत, चर्चच्या मेजाला वाळवी लागली. ज्या मेजावर प्रभुभोजन मांडतात तेच. मी परळच्या गिरणीत सुतारखात्यात होतो, अजूनही आहे. लाकूड बाजारात मिळत नव्हतं, आणि आमच्या खात्यात मॅनेजरसाहेबांच्या टेबलासाठी आणलेली एक सागवानी फळी महिनाभर भिंतीला टेकून उभी होती. काय फळी होती. गाठ नाही, चीर नाही, हात फिरवला की माणूस खूश व्हावा. मी देवासाठी चोरी केली. हे वाक्य मी पुढे मनात हजारदा उलटंपालटं करून पाहिलं, पण ते काही केल्या सरळ बसत नाही. भुशाच्या हातगाडीत तळाला घालून ती फळी मी गेटबाहेर काढली. चौकशी झाली तेव्हा मी एक अक्षर खोटं बोललो नाही. त्यांनी विचारलं, त्या दिवशी गाडी कोणी भरली. मी म्हटलं, गणपतने. ती गणपतनेच भरली होती, खाली काय आहे हे न बघता, मी सांगितलं म्हणून. गणपत माझा मदतनीस, मालवणचा. त्याला त्याच दिवशी काढून टाकलं. तीन आठवडे मी घरी बसून मेज बनवलं, पॉलिश केलं, आणि ज्या रविवारी पाद्रीसाहेबांनी नव्या मेजासाठी माझं नाव घेऊन प्रार्थना केली, त्या रविवारी ते मला ऐकवेना. मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

त्यानंतर जे झालं त्याचाच मला खरा राग आहे. सगळे जण मला सोडून द्यायला निघाले. आमचे तेव्हाचे पाद्रीसाहेब माझ्याबरोबर मॅनेजरकडे आले. मॅनेजर पारशी होते. त्यांनी सगळं ऐकलं, बराच वेळ हसले आणि म्हणाले की फळी आता देवाच्या घरी गेली आहे तर राहू दे तिथेच, आणि तू चांगला सुतार आहेस, कामावर जा. गणपतची जागा भरून गेली होती, पण त्यांनी ओळखीने त्याला काळाचौकीच्या दुसऱ्या गिरणीत लावून दिलं. पाद्रीसाहेब तर शिक्षा द्यायलाच तयार नव्हते. तू बोललास, प्रभूने ऐकलं, झालं, असं त्यांचं म्हणणं. मीच हट्ट धरला. मंडळीच्या पंचांपुढे जाऊन मी म्हणालो, मला शिक्षा द्या. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि माझं समाधान व्हावं म्हणून सहा महिने प्रभुभोजन बंद केलं. प्रभुभोजनाच्या वेळी जे घेत नाहीत ते बाहेर जातात, अशी आमच्याकडची रीत. लहान पोरं असतात आणि एखादा पाहुणा. त्या पोरांबरोबर मी बाहेर अंगणात नळापाशी जाऊन उभा राहू लागलो. सहा महिने संपले तेव्हा मी वाट पाहिली की कोणीतरी येऊन मला बोलावील. कोणी आलं नाही. मी म्हटलं, बरोबरच आहे. असं पाप सहा महिन्यांत कुठे फिटतं.

आणि मग मला ते आवडू लागलं, हे आता लपवण्यात अर्थ नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी, आत शांतता पसरली की मी हळूच उठायचो. सगळ्यांना माझी पाठ दिसते हे मला ठाऊक असायचं. बाहेर नळाखाली हात धुवायचे, रुमालाला पुसायचे आणि भिंतीला टेकून उभं राहायचं. तो नळ सतत ठिबकतो. चर्चची बाकं मी दुरुस्त केली, दारं केली, पाद्रीसाहेब उभे राहतात त्या पुलपिटाची पायरी केली, घंटेचा दांडा बदलला. तो नळ मात्र तेरा वर्षं तसाच ठिबकू दिला. माझ्या उभं राहण्याला त्या ठिबकण्याची सोबत होती. आत काय चाललं आहे ते मला आवाजावरून कळायचं. ताटली फिरली, पेले फिरले, गाणं सुरू झालं. उपासना सुटली की सुंदराबाई मागच्या दाराने यायच्या आणि फडकं झटकायच्या. अंगणातल्या चिमण्या तेवढ्यासाठी जमलेल्या असायच्या. मी त्या चिमण्यांकडे बघत राहायचो, आणि मला बरं वाटायचं.

त्या शनिवारी पाटावर बसून मी सुंदराबाईंना तेवढंच विचारलं, की माझ्या तुकड्याचं दर महिन्याला काय होतं. त्या म्हणाल्या, उरतो. एकच उरतो नेमका. जुने पाद्रीसाहेब विचारायचे नाहीत. नव्यांनी पहिल्याच महिन्यात विचारलं, तेव्हा त्यांना सांगितलं, की एक मानूस नळावर हाय. "मग त्यो चिमन्यांना टाकते," त्या म्हणाल्या. "टाकून द्यायचा न्हाई अन् दुसऱ्याच्या नावाला लावायचा न्हाई." म्हणजे तेरा वर्षं माझा तुकडा माझ्या पायांपुढे पडत होता, चिमण्या तो माझ्यादेखत खात होत्या, आणि मी पश्चात्तापाच्या मोठ्या तोऱ्यात भिंतीला टेकून ती गंमत बघत होतो.

बिजागरी कशीबशी बसवून मी घरी निघालो. भायखळ्याहून लालबागपर्यंत मी चालतच जातो. निवडणूक होऊन गेली होती तरी भिंतींवरचा गेरू तसाच होता. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, हे आमच्या चर्चच्या कुंपणावरही कोणीतरी हातभर अक्षरांत लिहिलं आहे, आणि नव्या पाद्रीसाहेबांनी ते पुसायचं की ठेवायचं यावर पंचांची दोनदा सभा घेतली. माझं कशाकडेच लक्ष नव्हतं. मला संताप आला होता. कोणाचा, ते कळत नव्हतं. समजा एखादा माणूस तेरा वर्षं रोज डोक्यावरून ओझं वाहतो आहे, आणि अचानक कोणी सांगितलं की अरे, हे तर पोचवायचंच नव्हतं. मग त्या मानेच्या दुखण्याचं काय करायचं? ती माझी होती, ती तेरा वर्षं. त्यात मी दारूच्या थेंबाला शिवलो नाही, कोणाची खिळ्याएवढी वस्तू घरी आणली नाही, कोणाचं सुतारकाम फुकट करायला नाही म्हटलं नाही. सगळी मंडळी म्हणते, शामरावसारखा माणूस नाही. आणि आता कळतं, की ताटलीत माझ्या नावाचा तुकडा त्यातल्या कशामुळेच पडत नव्हता. मी दारू पीत बसलो असतो तरी सुंदराबाईंनी तो तसाच कापला असता. हे मला फार अपमानाचं वाटलं. लालबागच्या नाक्यावर मी उभाच राहिलो, मागून येणाऱ्या बाईची पिशवी मला लागली, आणि तिनेच उलट मला, काय भाऊ, लागलं का, म्हणून विचारलं.

नाक्यावर उभा राहिल्यावर गणपत आठवणारच. मागच्या वर्षी जानेवारीत, गोळीबार सुरू झाला त्या दिवशी, मी पाळी संपवून तिथेच अडकलो होतो. लोक पळत होते, डोळ्यांत अश्रुधूर गेलेला, मी एका बंद दुकानाच्या फळीला चिकटून उभा होतो. कोणीतरी माझी कॉलर धरली आणि मला ओढत एका चाळीच्या जिन्यावर नेलं. गणपत होता. छातीला संयुक्त महाराष्ट्राचा बिल्ला, डोक्याला फडकं. संचारबंदी होती, त्यामुळे त्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत मी दीड दिवस राहिलो. त्याच्या बायकोने, सुभद्राने, घरात होते तेवढे सुके बांगडे भाजले. मी जेवणापूर्वी गणपतची माफी मागायला सुरुवात केली. दरवेळी भेटला की मी मागतो. तो भात कालवत होता, हात तसाच ठेवून त्याने माझ्याकडे पाहिलं.

"शामराव, ता मी कधीच इसारलंय," तो म्हणाला. "तू कित्याक माका दरखेपेक परत आठवण करतंस? जेव आता."

मी जेवलो. दोन वेळा भात मागून घेतला. हे मला नाक्यावर उभं असताना आठवलं, भाताचा वास आणि सुभद्राचं वाढणंसुद्धा. ज्याची नोकरी मी घालवली त्याच्या घरचं मी पोटभर खाल्लं होतं, आणि तेव्हा मला एकदाही वाटलं नव्हतं की आधी उठून नळावर जाऊन उभं राहावं. भूक लागली होती, त्यांनी वाढलं, मी खाल्लं. इतकं ते सोपं होतं. आणि दरखेपेला माफी मागून मी त्या माणसाला ती जुनी गोष्ट पुन्हा पुन्हा चघळायला लावत होतो, हेही तेव्हाच कळायला हवं होतं.

मालन दिवा लावत होती. मी टोपी खुंटीला अडकवली आणि तिला म्हणालो, की चव्वेचाळीस सालच्या मार्चमध्ये पाद्रीसाहेबांनी माझं नाव वाचलं तेव्हा ती आत होती ना. तिने काडी विझवली. होते, म्हणाली. मग मी जरा चढ्या आवाजात विचारलं, की तेरा वर्षं तोंड का शिवून बसलीस. मला वाटलं, ती रडेल किंवा माफी मागेल. माफी मागणाऱ्यांचं मला बरं कळतं. ती पाटावर बसली.

"त्याच दिवशी घरी येताना सांगायला लागले होते," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, चर्चचा विषय माझ्यापुढे पुन्हा काढायचा नाही. मला वाटलं, तुम्हाला कळलंय, पण जायचं नाहीये. तुमच्या आणि प्रभूच्या मधे मी कशाला पडू?"

मला ते आठवलं. रस्ता आठवला, तिच्या पायातल्या नव्या चपलांचा आवाजसुद्धा आठवला. मी खरंच तसं म्हणालो होतो आणि वर आणखीही काही बोललो होतो, ते तिने सांगितलं नाही. मी विचारलं, तुला त्रास नाही झाला? ती म्हणाली, झाला ना. दर महिन्याला त्या तुकड्याकडे हात नेताना वाटायचं, आपण एकटीच जेवायला बसलोय आणि घरचा माणूस दारात उभा आहे. मग ती उठली, कारण आमटी उतू जात होती. माझ्या शिक्षेत हिलाही मी बाहेर उभं केलं होतं, आणि हे मी एकदाही मोजलं नव्हतं. माझा राग तिथेच ओसरला. उरली ती एक साधी भीती, की उद्या सकाळी त्या क्षणी माझ्याच्याने बसवेल का. रात्री मात्र मला चांगली झोप लागली. याचंच मला सकाळी नवल वाटलं.

रविवारी मी नेहमीच्या जागी, पुरुषांच्या बाजूला शेवटच्या बाकाच्या कडेला बसलो. ही कडेची जागा उठून जायला सोयीची. मालन पलीकडे बायकांत. पाद्रीसाहेब काय बोलले ते मी सांगू शकणार नाही. मी मेजाकडे बघत होतो. चौदा वर्षांत त्या सागवानाचा रंग गडद झाला आहे, मधासारखा. कोपऱ्याचा सांधा अजून केसभरही उघडलेला नाही. मग ताटली-पेल्यांवरची पांढरी चादर बाजूला झाली, शांतता पसरली, पोरं उठली, आणि मी काही ठरवायच्या आत माझे पायही उठले. तेरा वर्षांची सवय. मी बाहेर नळापाशी जाऊन पोचलो तेव्हा मला कळलं की मी बाहेर आलो आहे.

नळ ठिबकत होता. कुंपणावर सात-आठ चिमण्या आधीच येऊन बसल्या होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या, किंवा मागच्या दाराकडे. मला त्यांचं हसू आलं. त्यांना वेळ बरोबर ठाऊक होती. आपल्याला मिळणार आहे, एवढं धरून त्या येऊन बसल्या होत्या, बाकी त्यांच्या मनात काही नव्हतं. मी हात धुवायला पुढे केले. हाताला कालचं ग्रीस होतं, बिजागरीचं, नखांत काळं बसलेलं. साबणाशिवाय ते जाणार नव्हतं. एरवी मी ते घासत बसलो असतो. मी नळ न उघडता तसाच वळलो. जणू मी पुन्हा फळी घेऊनच निघालो होतो, फक्त या वेळी गेटच्या आत.

मी आत माझ्या जागी येऊन बसलो तेव्हा बाबुराव ताटली घेऊन रांगेरांगेने येत होते. बाबुराव म्युनिसिपालटीत हेडक्लार्क, कामात चूक होऊ न देणारे. ते माझ्या बाकापाशी आले, माझ्या शेजाऱ्यापुढे ताटली धरली, आणि मी जणू तिथे नाहीच अशा सरावाने वळून चालू लागले. त्यांचा दोष नव्हता. तेरा वर्षं तिथे कोणी नसायचंच. ताटलीत एकच तुकडा उरला होता. त्या दोन पावलांत मला वाटलं, गेलं, आता बोलावं लागणार. आणि मला मागता येत नाही. मी आयुष्यभर द्यायचं काम केलं आहे.

"बाबुराव," मी म्हटलं. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. दोन-चार माना वळल्या. "तो माझा आहे."

त्यांनी ताटली खाली आणली. मी तो ग्रीस लागलेला हात पुढे केला आणि तुकडा उचलला. त्याच्या एका कडेला माझ्या बोटाचा काळा ठसा उमटला. तो मी तसाच तोंडात घातला. पाव जरा वाळलेला होता, खारट होता, आणि दाताखाली येण्याआधीच विरघळला. वीज चमकली नाही. मला रडू येईल असं वाटलं होतं, तेही आलं नाही. मला फक्त फार हलकं आणि थोडं मूर्खासारखं वाटलं, आणि खूप आनंद झाला. बायकांच्या बाजूला मालन मान खाली घालून बसली होती. तिचा पदर हलत होता.

उपासना सुटल्यावर लोक हात मिळवायला लागले, तेव्हा मी मागच्या दाराने अंगणात आलो. मालन माझ्यामागून आली आणि बाजूला उभी राहिली. मी नळाकडे पाहत म्हणालो की याचा वायसर गेलाय, उद्या येऊन बदलतो. ती म्हणाली, बदला. सुंदराबाई फडकं घेऊन बाहेर आल्या. चिमण्या कुंपणावरून एकदम खाली उतरल्या आणि त्यांच्या पायांभोवती टुणटुण उड्या मारू लागल्या. सुंदराबाईंनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आज न्हाई ग बायांनो," त्या चिमण्यांना म्हणाल्या. "ज्याचा व्हता त्यो आला."

आणि त्यांनी फडकं दोनदा झटकून दाखवलं.